रविवारचे परराष्ट्रमंत्री

नंदुरबारात माणसानं डी.एड. केलं तर लोक पेढे मागतात, डी.फार्म. केलं तर दुकान कुठे टाकणार ते विचारतात, आणि चाळिशी उलटल्यावर राज्यशास्त्रात एम.ए. करायला घेतलं तर तब्येत विचारतात. त्यातही पेपरचं नाव 'आंतरराष्ट्रीय संबंध' आहे असं कळलं, की चौकशी थेट घरात जाते. "वहिनी, सरांचं सगळं बरं आहे ना?" शहाद्याकडच्या एका झेडपी शाळेतल्या मास्तरांना त्यांच्या सख्ख्या काकांनी ओट्यावर बसवून विचारलं होतं, "का रे, अमेरिकाना झगडा मिटाडाले जाई र्‍हायना का तू? पहिले आपला बांधना मिटाड."

काकांना कल्पना नव्हती, पण त्यांनी पहिल्या वर्षाचा निम्मा अभ्यासक्रम ओट्यावर बसल्या बसल्या सांगून टाकला होता. कौटिल्याचा मंडल सिद्धांत दुसरं काय म्हणतो? ज्याची हद्द आपल्या हद्दीला लागून, तो स्वाभाविक शत्रू. त्याच्या पलीकडचा, तो स्वाभाविक मित्र. मास्तरांच्या शेताला पूर्वेला सख्खा चुलतभाऊ आहे. त्याच्याशी बांधाचा दावा चालू आहे. चुलतभावाच्या पलीकडे जे पाटील आहेत ते मास्तरांना दर दिवाळीला फराळाला बोलावतात. इतकी वर्षं मास्तर हे प्रेम समजत होते. पुस्तक वाचल्यावर कळलं की हे मंडल आहे. कौटिल्यानं पाठीमागून टाच धरणाऱ्या शत्रूलाही नाव देऊन ठेवलंय, पार्ष्णिग्राह. मास्तरांच्या मागच्या बांधावरचा गडी रात्री ठिबकच्या नळ्या सरकवतो, त्याला आता घरात सगळे पार्ष्णिग्राह म्हणतात. मास्तरीणबाईसुद्धा. त्या गड्याला ही शिवी नेमकी कोणती याचा अजून पत्ता लागलेला नाही, त्यामुळे तो आधीपेक्षा जास्त घाबरून असतो.

मास्तरांसारखी नोकरी सांभाळून राज्यशास्त्र शिकणारी मंडळी रविवारी सकाळी अभ्यासकेंद्रावर जमतात तेव्हा पाहावीत. तलाठी आप्पा, ग्रामसेवक भाऊ, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टर, एसटीचे कंडक्टर, अक्कलकुव्याकडच्या अंगणवाडी पर्यवेक्षिका ताई, आश्रमशाळेचे दोन मास्तर, एक हवालदार. यातल्या बऱ्याच जणांचं बी.ए. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचं. १९८९ मध्ये निघालेल्या त्या विद्यापीठाला नाव यशवंतराव चव्हाणांचं, आणि यशवंतराव १९७४ ते १९७७ देशाचे परराष्ट्रमंत्री होते. म्हणजे ज्या गृहस्थांनी देशोदेशींच्या वाटाघाटी केल्या त्यांचं नाव या लोकांच्या पदवीवर आधीच छापून आलेलं आहे. तलाठी आप्पा हा मुद्दा प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगतात. बाकीचं आपल्याला फक्त पूर्ण करायचंय, असा त्यांचा सूर असतो.

का शिकतात हे विचारू नये. विचारलं तर उत्तर एकच येतं: "ज्ञान." थोडं बसलं, चहा झाला, की खरी उत्तरं येतात. हवालदारांना खात्याची परीक्षा द्यायची आहे. आश्रमशाळेच्या एका मास्तरांना सेट काढून ज्युनिअरवरून सीनिअरला जायचंय. कंडक्टरांच्या मुलानं त्यांना "पप्पा, तुम्ही फक्त बी.ए.?" असं विचारलं होतं, त्या 'फक्त'चा हा सूड आहे. आणि ग्रामसेवक भाऊंच्या पुतण्याचं लग्न पुढच्या वर्षी आहे. खानदेशात लग्नपत्रिका हा घराण्याचा गॅझेटियर असतो. निमंत्रकांच्या यादीत कंसात हुद्दा आणि पदवी नसेल तर माणूस असून नसल्यासारखा. धाकट्या भावाच्या नावापुढे एम.एस्सी. (अॅग्री) छापून येणार, आणि थोरल्यापुढे नुसतं 'ग्रामसेवक'? सत्तेचा समतोल बिघडतो तो असा.

इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा राज्यशास्त्राचा एम.ए. हा ८० श्रेयांकांचा आहे. किमान दोन वर्षं, ताणला तर चार. एका श्रेयांकाला ३० तासांचा अभ्यास धरलेला असतो. ग्रामसेवक भाऊंनी पंधराव्या वित्त आयोगाचा निधी बसवावा तसा हा हिशेब वहीत बसवून पाहिला: ८० गुणिले ३०, बरोबर २४०० तास. दोन वर्षांत संपवायचं तर रोज सव्वातीन तासांहून थोडं जास्त. मग त्यांनी दिवसाचं अंदाजपत्रक काढलं. ग्रामसभा, घरकुलांचे फोटो, वसुली, बीडीओंची व्हीसी, सरपंचांचा राग, सरपंचांच्या मिस्टरांचा वेगळा राग, आणि रात्री नेटवर्क आलं की ऑनलाइन नोंदी. शिल्लक: वजा चाळीस मिनिटं. "तूट भरून कशी काढायची?" असं त्यांनी संपर्क सत्रात विचारलं. सर म्हणाले, "प्रवासात वाचा." सर पुण्याकडचे असावेत. तळोद्याहून धडगावला जाताना चांदशैली घाट लागतो. त्या घाटात पुस्तक उघडून बघा. वळणावळणाला पान आपोआप उलटतं, आणि तीन वळणांनंतर सकाळचा चहा वर येऊ बघतो. असल्या रस्त्यांवर फक्त कंडक्टर उभ्यानं वाचू शकतात. त्यांचा 'शीतयुद्ध' हा अख्खा भाग शहादा ते धडगाव असा झालेला आहे; क्यूबाचा पेचप्रसंग म्हसावदच्या थांब्यावर सुरू झाला आणि गाडी धडगावला लागेपर्यंत ख्रुश्चेव्हनं क्षेपणास्त्रं काढून घेतली.

प्रवेश घेण्याआधी सरकारी माणसाला साहेबांची परवानगी लागते. हा एक स्वतंत्र पेपर व्हायला हरकत नाही. आश्रमशाळेच्या मास्तरांचा अर्ज एका कार्यालयातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून 'योग्य त्या मार्गाने या' म्हणून परत, मग योग्य मार्गानं पुन्हा वर असा फिरत राहिला. वरच्या कार्यालयातल्या क्लार्कनं शेरा मारला होता: 'सदर विषयाचा शालेय कामकाजाशी संबंध स्पष्ट करावा.' मास्तरांनी स्पष्ट केलं. वसतिगृहात पावरा, वसावे, तडवी, पाडवी अशी साडेतीनशे मुलं, एक पाण्याची टाकी आणि सकाळचे सहा वाजलेले. संयुक्त राष्ट्रसंघाची सुरक्षा परिषद याहून वेगळी काय असते? परवानगी मिळाली. अट घातली होती की अध्ययनामुळे अध्यापनात व्यत्यय येता कामा नये.

वर्गात पहिल्या दिवशी वास्तववाद शिकवतात. राष्ट्रं स्वार्थी असतात, वरती कुणी मालक नाही, ज्याच्या हाती बळ त्याचं खरं. हान्स मॉर्गेन्थाऊ, १९४८. सर हे समजावून सांगत होते तेव्हा तलाठी आप्पांच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं, ओळख होती. त्यांची अख्खी नोकरी फेरफार नोंदींत गेलेली. वाटणीच्या वेळी सख्खे भाऊ काय करतात हे ज्यानं पंचनाम्यात लिहून घेतलंय, त्याला मॉर्गेन्थाऊ नवीन काय सांगणार? उलट सिस्टर उदारमतवादी निघाल्या. पोलिओच्या लसीसाठी पाड्या-पाड्यावर हिंडून त्यांचा सहकार्यावर विश्वास बसलेला आहे. दोघांचा वाद चहाच्या टपरीवरही चालू राहिला आणि टपरीवाल्यानं तो मिटवला. तो म्हणाला, उधारी मागितल्यावर सगळे वास्तववादी होतात.

मला स्वतःला या मंडळींचं कौतुक आहे, आणि ते उगाच नाही. हा विषयच मुळी आडगावी जन्मला. आंतरराष्ट्रीय राजकारणाचं जगातलं पहिलं अध्यासन १९१९ मध्ये निघालं ते लंडनला नाही, न्यूयॉर्कला नाही, तर वेल्सच्या किनाऱ्यावरच्या अॅबरिस्टविथ नावाच्या लहानशा गावी. पहिलं महायुद्ध संपलेलं, डेव्हिड डेव्हिस नावाच्या वेल्समधल्याच एका श्रीमंतानं आणि त्याच्या बहिणींनी पैसे दिले, आणि अध्यासनाला अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचं नाव लागलं. भारतात त्या विषयाची वेगळी संस्था दिल्लीत निघायला १९५५ साल उजाडलं. तीच पुढे जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सामील झाली. तेव्हा नंदुरबारनं आपण फार आत आहोत म्हणून संकोचायचं कारण नाही. विल्सनसाहेबांच्या चौदा कलमांतलं पहिलंच कलम होतं की करारमदार उघडपणे व्हावेत, गुप्तपणे नकोत. हे वाचून ग्रामसेवक भाऊ गंभीर झाले. त्यांचे वडील बैलबाजारात दलाल होते. रुमालाखाली बोटं दाबून सौदा करण्यात उभी हयात गेली, आणि एकही सौदा मोडला नाही. "विल्सनचे किती टिकले?" भाऊंनी विचारलं. वीस वर्षांत दुसरं महायुद्ध झालं, असं सरांना कबूल करावं लागलं.

दुसऱ्या वर्षी विषय निवडायचे असतात. यादी वाचताना छाती भरून येते: लॅटिन अमेरिकेतील राज्य व समाज, आफ्रिकेतील राज्य व समाज, युरोपियन युनियन, कॅनडा, ऑस्ट्रेलियाचं परराष्ट्र धोरण. जगाचा नकाशाच पुढ्यात मांडून 'यातलं काय बांधून देऊ' असं विचारावं, तसं. निवड मात्र नंदुरबारच्या नियमानं होते. मागच्या बॅचच्या कुणाकडे कुठल्या विषयाची झेरॉक्स आहे, यावर खंड ठरतात. एका वर्षी अख्खी बॅच कॅनडाला गेली, कारण दोंडाईच्याच्या एका मॅडमचं अक्षर चांगलं होतं. क्वेबेकच्या वेगळेपणाच्या चळवळीबद्दल इतकी सहानुभूती सातपुड्याच्या या बाजूला आधी कधी नव्हती. स्वाध्याय हातानं लिहून द्यायचे असतात आणि त्यांना ३० टक्के वजन असतं, त्यामुळे घरातली सगळी माणसं कामाला लागतात. हवालदारांचा 'आफ्रिकेतील वसाहतवाद' बायकोनं लिहिला, मुलीनं समास आखले आणि हवालदारांनी सही केली. तिघांपैकी आफ्रिकेवर आज बायकोशीच बोलता येतं.

सार्वभौमत्वाचा धडा मात्र कुणीच झेरॉक्सवरून करू नये. त्यासाठी नवापूरला जावं. १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहापासून राज्याला ठरलेली हद्द असते, तिच्या आत त्याचाच कायदा, असं पुस्तक सांगतं. नवापूरच्या रेल्वे स्टेशनावर ही हद्द फलाटावरून जाते. १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, पश्चिम खानदेशातली उच्छल-निझरकडची गावं तिकडे गेली, आणि स्टेशन मधोमध सापडलं. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांची खोली गुजरातेत. एका बाकावर रंगवून ठेवलंय की अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा. लोक त्यावर बसून फोटो काढतात. नवरा महाराष्ट्रात, बायको गुजरातेत, भांडण दोन्हीकडे. घोषणा हिंदी, इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा चार भाषांत होतात. इतक्या भाषांत सांगूनही गाडी उशिराच येते, तेव्हा 'आंतरराष्ट्रीय संघटनांच्या मर्यादा' हा प्रश्नही तिथेच सुटतो. पलीकडे दारूबंदी आहे, अलीकडे नाही. फलाटावर बाटली घेऊन चार पावलं पूर्वेला टाकली तर नागरिक आणि चार पावलं पश्चिमेला टाकली तर आरोपी. कंडक्टर म्हणतात, सार्वभौमत्वाची इतकी स्वच्छ व्याख्या त्यांना कुठल्याही पुस्तकात मिळालेली नाही.

आणि तरीही ही मंडळी उत्तरपत्रिकेत उदाहरणं देतात ती जिनिव्हाची, ब्रसेल्सची. गाईडमध्ये जी आहेत ती. मला हसू येतं ते इथे, आणि थोडा रागही.

कारण जग नंदुरबारला तीनदा तरी येऊन गेलंय. २००६ च्या फेब्रुवारीत भारतातला पहिला बर्ड फ्लू सापडला तो नवापूरच्या कोंबड्यांत. लाखो कोंबड्या मारल्या, परदेशांनी भारतीय अंडी-कोंबड्यांची आयात थांबवली, आणि ज्यांना नवापूर हा शब्द उच्चारता येत नव्हता अशा वृत्तनिवेदकांनी तो दिवसभर उच्चारला. २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं ते शहादा तालुक्यातल्या टेंभलीत. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी तिथे आले होते. पुढे कितीतरी देशांतले अभ्यासक आधारवर लिहीत बसले. टेंभलीचे लोक आपल्या अंगठ्याचा ठसा यंत्राला पटेना म्हणून पुन्हा पुन्हा घासत बसले.

पण या सगळ्यांत मोठी गोष्ट मणिबेलीची. अक्कलकुवा तालुका, नर्मदेचा काठ, सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणारं महाराष्ट्रातलं पहिलं गाव. बुडीतातली आपली गावं तेहतीस, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणीची. या धरणाला १९८५ मध्ये जागतिक बँकेनं कर्ज दिलं. लोक लढले, इतके लढले की बँकेला आपल्याच प्रकल्पाची स्वतंत्र चौकशी करावी लागली. १९९२ मध्ये ब्रॅडफोर्ड मोर्स समितीचा अहवाल आला, आणि त्यानं बँकेची चूक बँकेच्या तोंडावर सांगितली. १९९३ च्या मार्चमध्ये भारत सरकारनं उरलेलं कर्ज नको म्हणून कळवलं. १९९४ मध्ये ४४ देशांतल्या ३२६ संस्था-संघटनांनी मिळून एक जाहीरनामा काढला: मोठ्या धरणांना पैसा देणं थांबवा. त्या जाहीरनाम्याचं नाव 'मणिबेली जाहीरनामा'. पुढे जागतिक धरण आयोग नेमला गेला, याच लढ्यातल्या मेधा पाटकर त्याच्या सदस्य होत्या, आणि नोव्हेंबर २००० मध्ये त्याचा अहवाल लंडनला प्रसिद्ध झाला तेव्हा व्यासपीठावर नेल्सन मंडेला होते. वॉशिंग्टनच्या बँकेला धोरण बदलायला लावणाऱ्या अशा बिगर-राज्य घटकांना या अभ्यासक्रमात एक अख्खा भाग आहे. तो भाग ज्यांच्यामुळे लिहावा लागला, त्यांचे नातेवाईक बाकावर बसून ग्रीनपीसचं स्थापना-वर्ष पाठ करत असतात.

एकदाच कुणी वेगळं लिहिलं. पर्यवेक्षिका ताईंनी. त्यांचं माहेर बुडीतातलं. 'आंतरराष्ट्रीय राजकारणातील बिगर-राज्य घटकांची भूमिका सोदाहरण स्पष्ट करा' या स्वाध्यायात त्यांनी मणिबेलीवर चार पानं लिहिली. बोटीनं जाणारी मतदानाची यंत्रं, पाण्यावरचा तरंगता दवाखाना, १९७९ चा नर्मदा लवादाचा निवाडा, चार राज्यं, एक बँक, सगळं. तपासून वही परत आली. समासात लाल शाईनं लिहिलं होतं: 'मुद्देसूद. मात्र उदाहरण आंतरराष्ट्रीय हवे होते.'

ताईंनी वही सगळ्यांना दाखवली. कुणाला काय बोलावं कळेना. तलाठी आप्पांनी चष्मा लावून तो शेरा वाचला आणि म्हणाले, "फेरफार नामंजूर." मग सगळे हसले, ताईही हसल्या. त्यावेळी त्यांना मार्क किती मिळाले हे त्यांनी सांगितलं नाही. पास झाल्या, आणि पुढच्या वर्षी त्यांनी ऑस्ट्रेलियाचं परराष्ट्र धोरण घेतलं. "ते लांब आहे, त्यामुळे चालेल," असं म्हणाल्या.

यात तपासणाऱ्याचा दोष मी धरत नाही. हा गोंधळ जुनाच आहे. इंग्रजांच्या काळी खानदेशचा कलेक्टर हाच काठी, सिंगपूर, नाल असल्या सातपुड्यातल्या मेहवासी संस्थानांचा पोलिटिकल एजंट असे. म्हणजे महसुलासाठी एक टोपी आणि मुत्सद्देगिरीसाठी दुसरी, डोकं एकच. बाहेरच्या माणसाला तेव्हाही कळत नव्हतं की इथे जे चाललंय ते गावचं भांडण आहे की राजकारण. आज आपलेच लोक परीक्षेला बसताना तोच गोंधळ घालतात, आणि गाईडवाला त्यावर पोट भरतो. या भागातलं राजकारण लहान वाटतं ते फक्त आपण ते बोलीत बोलतो म्हणून. तेच इंग्रजीत छापून आलं की त्याला ८० श्रेयांक मिळतात.

आता कामाचं. ज्यांना नाव घालायचंय त्यांच्यासाठी: प्रवेश जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत मिळतो. पदवी कुठल्याही शाखेची चालते. पुस्तकं हिंदीत किंवा इंग्रजीत आहेत, मराठीत नाहीत. ज्यांना हिंदी सिनेमा कळतो त्यांनी हिंदी घ्यावं, ज्यांना साहेबांवर छाप पाडायची आहे त्यांनी इंग्रजी. स्वाध्याय स्वतः लिहा, निदान स्वतः वाचा. उदाहरण आपल्या गावचं द्या आणि त्याखाली साल घाला, म्हणजे तपासणाऱ्याला ते परदेशी वाटेल. परीक्षा जूनमध्ये होते आणि डिसेंबरमध्ये. जूनमध्ये शाळा उघडतात, पेरणी येते, आणि वीज बांधावरच्या भाऊबंदासारखी वागते. डिसेंबरात दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते, घोडेबाजार लागतो, आणि घरात पाहुणे असतात. दोन्हीपैकी डिसेंबर धरा. यात्रा कितीतरी दिवस चालते, पेपर फार तर तीन तासांचा असतो.